रविवारची बैठक: गावातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी मिळून अपडेट कसं करावं

सेलूत माझं झेरॉक्स, डीटीपी आणि सेवा केंद्राचं दुकान आहे. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही कॉम्प्युटर वापरणारी मंडळी शाळेच्या लॅबमध्ये जमतो, एकमेकांच्या अडचणी सोडवतो आणि आपापल्या मशीनचं विंडोज अपडेट करून घरी जातो. सेवा केंद्र चालवणारे, जिल्हा परिषदेचे गुरुजी, वाचनालयाचं काम पाहणारा मुलगा, टॅलीवर हिशोब लिहिणाऱ्या दोघी-तिघी, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. सेलू रेल्वेच्या रस्त्यावर असल्यामुळं परतूर, मानवतकडूनही लोक लॅपटॉप घेऊन येतात.

बाहेरगावच्या ओळखीच्यांचा फोन आला की प्रश्न बहुतेक एकच असतो: "ताई, अपडेट आलंय म्हणून दाखवायलंय. करू का राहू देऊ?" करा. पण दुकानात गर्दी असताना, एकट्यानं, घाईत करू नका. तारीख ठरवा आणि चार जण मिळून करा. अशी बैठक तुमच्या गावात कशी भरवायची ते सगळं इथं लिहिते.

एकटा माणूस अपडेटला का टाळतो हे मला दुकानात रोज दिसतं. समोर गिऱ्हाईक उभं, सातबारा अर्धा उघडलेला आणि मशीन रीस्टार्ट मागतंय. तो 'नंतर' दाबतो आणि पुढं दाबतच राहतो. शेवटी कुणीतरी मेकॅनिक येऊन अपडेटच बंद करून देतो आणि कटकट गेली असं वाटतं. अशा माणसाला मी २०१७ सालची गोष्ट सांगते. विंडोजमधली एक उणीव बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला दिलं होतं. १२ मे २०१७ ला त्याच उणिवेतून वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर शिरला आणि फायली कुलूपबंद करून पैसे मागू लागला. मधे जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी अपडेट करून घेतलं होतं त्यांच्या मशीनचा तो दरवाजा बंद होता. शिवाय हा व्हायरस पसरायला कुणी मेल उघडायचीही गरज नव्हती, एका नेटवर्कवर जोडलेल्या मशीनमधून तो आपोआप पुढं जात होता. शाळेच्या लॅबमध्ये वीस मशीन नेटवर्कच्या एकाच स्विचला जोडलेली असतात. त्यातलं एक मागं राहिलं तरी बाकीच्यांना धोका असतो, म्हणून हे काम एकेकट्याचं नाही असं मी म्हणते.

तारीख कशी काढायची

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याचं सुरक्षेचं अपडेट दुसऱ्या मंगळवारी देतं, २००३ सालापासून हाच नेम आहे. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडं रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. म्हणून आपल्याला ते बुधवारी सकाळी दिसतं.

आमची बैठक त्या मंगळवारनंतरच्या दुसऱ्या रविवारी असते. पहिला रविवार सोडायचा. मंगळवारात बारा दिवस मिळवले की तारीख आली. दुसरा मंगळवार ८ ते १४ या तारखांतच येतो, म्हणजे आपला रविवार २० ते २६ च्या मधेच पडणार. कधी तो तिसरा रविवार असतो, कधी चौथा, म्हणून "दर तिसरा रविवार" असं ठरवून टाकू नका. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर घेऊन बारा तारखांना खूण करा आणि तो कागद लॅबच्या दाराला लावा.

बारा दिवस थांबायचं कारण आहे. अपडेटमुळं कधीकधी प्रिंटर रुसतो, स्कॅनर सापडत नाही, एखादं जुनं सॉफ्टवेअर उघडत नाही. म्हणून गटातल्या एका-दोघांनी आपलं मशीन बुधवार-गुरुवारीच अपडेट करायचं आणि रोजचं काम त्यावर करून बघायचं. काही बिघडलंच तर बाकीच्यांना रविवारच्या आत कळतं. याला आम्ही 'पुढचं मशीन' म्हणतो. पुढचं मशीन कुणाचं असावं याचा नीट विचार करा. ज्याच्याकडं दुसरं मशीन आहे, ज्याचं काम एक दिवस अडलं तरी चालतं आणि ज्याच्या मशीनला तुमच्या गटातल्यासारखाच प्रिंटर आणि बोटाचे ठसे घ्यायचं यंत्र जोडलेलं आहे, त्याचं. नुसत्या सिनेमा बघायच्या लॅपटॉपवर अपडेट चांगलं चाललं याचा सेवा केंद्रवाल्याला काही उपयोग नाही.

चौथ्या आठवड्यात विंडोज आणखी एक अपडेट दाखवतं, त्यावर 'प्रिव्ह्यू' असं लिहिलेलं असतं. ते ऐच्छिक आहे. पुढच्या महिन्यात येणाऱ्या सुधारणा त्यात आगाऊ दिलेल्या असतात. कामाच्या मशीनवर ते घेऊ नका. आपला रविवार त्याच्या आधीच उरकतो, हाही या हिशोबाचा फायदा.

बाराच्या बारा महिने सगळ्यांना सारखे नसतात हे मात्र लक्षात ठेवा. जुलैत पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली की सेवा केंद्रांवर सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांच्या रांगा लागतात. त्या आठवड्यात सेवा केंद्राच्या मशीनला हात लावू नका, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून 'पॉज' करा. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. पण गर्दी ओसरली की दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा सुरू करायचं, आणि हे कुणी करायचं ते वहीत नावानिशी लिहून ठेवायचं. दहावी-बारावीच्या निकालानंतर दाखल्यांची जी झुंबड उडते, तिलाही हाच नियम. मे महिन्यात आम्ही सकाळी आठला बसतो. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पत्र्याच्या लॅबमध्ये माणसंही तापतात आणि मशीनही.

जागा, लाईट आणि नेट

शाळेची लॅब सगळ्यात चांगली. बाक आहेत, प्लग आहेत, अर्थिंग आहे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्यात लॅबची मशीनसुद्धा आम्ही फुकट अपडेट करून देऊ असं लिहा. हे नुसतं गोड बोलणं समजू नका. शाळेची मशीन उन्हाळाभर बंद असतात आणि जूनमध्ये पोरांना त्यांवरच बसायचं असतं. दोन-तीन महिन्यांची अपडेट राहिली तरी घाबरायचं कारण नाही, ताज्या महिन्याच्या अपडेटमध्ये मागच्या महिन्यांचंही येतं.

बंद पडून राहिलेल्या मशीनवर सगळ्यात आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपलेला असला की तारीख कित्येक वर्षं मागं जाते. मग ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो, अपडेटही होत नाही, आणि लोक नेटला दोष देत बसतात. सीआर २०३२ नंबरचा सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. बैठकीच्या पेटीत आम्ही तीन-चार ठेवतोच.

लाईटचं आधी बघा. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी आणि चार्जरही लावलेला असावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर त्यावर महिन्याचं छोटं अपडेट करायला हरकत नाही, पण वर्षातून एकदा येणारं विंडोजचं मोठं व्हर्जन त्यावर चढवू नका. छोटा यूपीएस असला तरी तो दहा-पंधरा मिनिटंच धरतो आणि मोठ्या व्हर्जनला, विशेषतः जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर, तासाच्या वर लागू शकतो. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं यूपीएस मोडचं बटण आहे का बघा आणि ते चालू ठेवा. साध्या मोडमध्ये लाईट गेली की इन्व्हर्टर यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडतो.

नेटचा प्रश्न दहा जणांनी एकदम डाऊनलोड लावलं की उभा राहतो. महिन्याचं अपडेट काहीशे एमबीपासून काही जीबीपर्यंत जातं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एवढं कुणालाच परवडत नाही. यावर विंडोजमध्येच सोय आहे. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' असतं. तिथं दुसऱ्या मशीनकडून घ्यायची परवानगी चालू करा आणि 'माझ्या लोकल नेटवर्कवरची मशीन' एवढाच पर्याय निवडा, इंटरनेटवरची निवडू नका. मग एकाच राउटरवर बसलेली मशीन डाऊनलोड झालेले तुकडे एकमेकांना देतात. म्हणून सगळ्यांनी एकदम सुरू करू नये. पहिलं मशीन पूर्ण होऊ द्या, मग दुसरी लावा.

विंडोजचं मोठं व्हर्जन असेल तर त्याची आयएसओ फाइल (अख्खं विंडोज एका फायलीत) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून एकानं घरूनच उतरवून पेनड्राइव्हवर आणावी. तीच सगळ्यांना चालते. बूट होणारा, म्हणजे ज्यावरून मशीन सुरू करता येतं असा पेनड्राइव्ह करायचा असेल तर किमान ८ जीबीचा लागतो. गल्लीतल्या कुणाकडून 'सगळं आत टाकलेलं विंडोज' म्हणून मिळालेला पेनड्राइव्ह बैठकीत लावू देऊ नका, कितीही जवळचा माणूस असला तरी.

वही

दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक मशीनला एक पान. मालकाचं नाव, मशीनची कंपनी आणि मॉडेल, रॅम, डिस्क एसएसडी (न फिरणारी, वेगवान) की फिरती, मोकळी जागा किती, प्रिंटर कोणता, बोटांच्या ठशांचं यंत्र कोणतं, डिजिटल सहीचं डोंगल आहे का, मराठी टायपिंग कशात करतात, बॅकअप कधी घेतला. विंडोजचं व्हर्जन बघायला विंडोजचं बटण आणि आर दाबा, आलेल्या चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर अशी सहा अक्षरं टाका आणि एंटर मारा. जी खिडकी येते तीत व्हर्जन आणि बिल्ड नंबर दोन्ही असतात. अपडेटच्या आधीचा बिल्ड आणि नंतरचा बिल्ड असे दोन्ही वहीत लिहा. पुढं काही बिघडलं तर कशानं बिघडलं हे शोधायला ही एक ओळ पुरते.

वही कागदाचीच हवी. मशीन चालू होत नसतं तेव्हाच तिची गरज पडते. तीत पासवर्ड मात्र कुणाचाही लिहायचा नाही.

बैठक चालवायची कशी

अमेरिकेत मेनलो पार्क इथं एका गॅरेजमध्ये ५ मार्च १९७५ ला होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. पुढं ॲपल कंपनी काढणारे स्टीव्ह वॉझ्निॲक तिथूनच आले. त्या क्लबची एक पद्धत मला फार आवडते आणि आम्ही तीच धरली आहे. सुरुवातीला एकेकानं उभं राहून माझ्याकडं काय आहे, मला काय पाहिजे, काय अडलंय ते सांगायचं. कुणी मधेच उत्तर द्यायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की ज्याचं ज्याच्याशी जुळतं त्यांनी एकत्र बसायचं. यात अर्धा तास जातो, पण नंतरचा गोंधळ वाचतो. "प्रिंट काळी येऊ लागलीय" म्हणणाऱ्या गुरुजींना तोच प्रिंटर वापरणारी मुलगी आपोआप सापडते. बोलायची सुरुवात नव्या माणसापासून करा. गटातले दोन-तीन जाणकार आधी बोलले की बाकीचे गप्प बसतात, मुली तर हमखास.

मग वीस-पंचवीस मिनिटं एकच विषय. पुढचं मशीन ज्याचं असेल त्यानं त्या महिन्यात काय दिसलं ते सांगायचं, प्रोजेक्टर असेल तर दाखवायचं. त्यानंतर अपडेट.

एक नियम मी अजिबात ढिला सोडत नाही: माऊस मालकाच्याच हातात राहील. शिकवणाऱ्यानं शेजारी बसून बोटानं दाखवायचं, सांगायचं, थांबायचं. जाणत्या पोरांना हे फार जड जातं, त्यांचे हात शिवशिवतात. पण काकांनी स्वतः सेटिंग्ज उघडून, स्वतः वाचून, स्वतः बटण दाबलं तर पुढच्या महिन्यात ते दुसऱ्याला शिकवतात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय, म्हणून एवढ्या जोरानं सांगते.

सेवा केंद्रवाल्यांना बैठकीआधीच बजावून ठेवा. तुमच्या डाऊनलोड्समध्ये लोकांचे आधार, जातीचे दाखले, पासबुकाच्या स्कॅन कॉप्या पडलेल्या असतात. काम झालेल्या पुसून, रिसायकल बिन रिकामं करूनच मशीन घेऊन या. ती कागदपत्रं आपली नाहीत, विश्वासानं आपल्याकडं दिलेली आहेत.

बॅकअप दाखवल्याशिवाय अपडेट नाही

बैठकीत सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालते. "घेतलाय बॅकअप" असं सगळेच म्हणतात. मग मी म्हणते, त्या हार्डडिस्कवरची एक फाइल आत्ता माझ्यासमोर दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवा. टॅलीचा डेटा असेल तर तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून दाखवा. उघडली तरच तो बॅकअप. सी ड्राइव्हवरचं डी ड्राइव्हवर टाकणं याला मी बॅकअप मानत नाही. बहुतेक वेळा दोन्ही एकाच डिस्कचे भाग असतात आणि डिस्क गेली की दोन्ही जातात.

डीटीपीवाल्यांनी फॉन्टचा बॅकअप वेगळा घ्यावा. कंट्रोल पॅनेलमधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरमधून श्रीलिपी, कृतीदेव असे जे काही जुने फॉन्ट वापरता ते कॉपी करून ठेवा. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली आणि ते फॉन्ट राहिले, तर लग्नपत्रिकांच्या आणि स्मरणिकांच्या जुन्या फायली उघडतात खऱ्या, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नवीन काम युनिकोडमध्येच (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसतं ती पद्धत) करा हे मी सांगून थकत नाही. मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोज १० मध्ये २०१९ पासून आतच दिलेला आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घेतली की तो जोडता येतो, अपडेट झालं तरी जागचा हलत नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक. 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का ते प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये बघा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं असेल तर ते बहुधा मालकाला न कळता चालू झालेलं असतं. चांगलीच गोष्ट आहे, लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं कुणाला दिसत नाही. पण कधी बायोस (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट झालं किंवा काही बिनसलं तर मशीन निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. आधीच उघडून कागदावर उतरवा, कागद घरी कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

आता मोकळी जागा बघा. मोठ्या व्हर्जनसाठी सी ड्राइव्हवर तीस जीबी मोकळे असल्याशिवाय मी पुढं जाऊ देत नाही. कीबोर्ड, माऊस आणि प्रिंटर सोडून जे जे यूएसबीला लावलंय ते काढून ठेवा, डिजिटल सहीचं डोंगलसुद्धा.

चालू असताना आणि झाल्यावर

अपडेट सुरू झालं की त्याला हात लावू नका. तीस टक्क्यांवर बराच वेळ थांबतं, पडदा काळा होतो, दोनदा रीस्टार्ट होतं. जोवर डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे. मधेच लाईट गेली आणि मशीन बंद पडलंच, तर लाईट आल्यावर चालू करून बाजूला सरा. 'बदल मागे घेत आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येईल, ते त्याचं त्याला करू द्या. त्या वेळी घाबरून पुन्हा बटण दाबून बंद करणं सगळ्यात वाईट.

पूर्ण झालं की लगेच मशीन बॅगेत टाकायचं नाही. प्रिंटरवर एक पान छापा, स्कॅन करा. ठशांचं यंत्र लावून त्याचं आरडी सर्व्हिस (त्या यंत्राचं सॉफ्टवेअर) 'रेडी' दाखवतंय का बघा. ज्या पोर्टलवर रोज काम करता तिथं लॉगिन करा. वर्डमध्ये मराठीत दोन ओळी टाइप करा, जोडाक्षरांसकट. टॅली उघडा. लॅबमध्ये प्रिंटर एकच असेल तर घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी आपल्या प्रिंटरवर तपासा आणि ग्रुपवर कळवा.

काही बिघडलं असेल तर आधी त्या यंत्राच्या कंपनीच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र विंडोजशी जोडणारा प्रोग्राम, घ्या. तेवढ्यानं बहुतेक वेळा भागतं. नाही भागलं तर विंडोज अपडेटच्या हिस्टरीत खाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे, तिथून त्या महिन्याचं अपडेट काढता येतं. मोठं व्हर्जन मागं घ्यायचं असेल तर रिकव्हरीमध्ये 'गो बॅक' असतं, पण ते दहाच दिवस. त्या दहा दिवसांत डिस्क साफ करायच्या नादात 'विंडोज ओल्ड' नावाचं फोल्डर उडवू नका, मागं जायची वाट त्यातूनच आहे.

जुन्या मशीनचं काय

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या भागात अर्धी दुकानं आणि जवळपास सगळ्या शाळा त्याच्यावरच होत्या, म्हणून सगळ्यात जास्त चर्चा याचीच होते. मशीन बंद पडत नाही, पण नवी भोकं बुजवली जात नाहीत, आणि वॉनाक्रायचं वर सांगितलंच आहे.

पहिल्यांदा मशीन विंडोज ११ घेऊ शकतं का बघा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं की हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळतं. ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना तपासणी करणारी सोय) एवढं लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. कधीकधी टीपीएम मशीनमध्ये असतं पण बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं असतं. म्हणून 'नाही' आलं की लगेच निराश न होता एकदा बायोसमध्ये शोधा. ४ जीबीवर विंडोज ११ चालतं म्हणतात, पण त्यावर दुकान चालवणं कठीण. रॅम वाढवून, फिरती डिस्क काढून एसएसडी टाका आणि मगच वर जा.

मशीन पात्र नसेल पण त्यावर विंडोजच लागत असेल, तर विंडोज १० चं वाढीव सुरक्षा अपडेट घ्या. घरगुती वापराच्या मशीनला ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी २२एच२ हे व्हर्जन लागतं, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरच 'एनरोल' असं दिसतं. हा वेळ नव्या मशीनसाठी पैसे जमवायला वापरा. अटी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवायच्या युक्त्या पोरं घेऊन येतात. शिकायच्या मशीनवर खुशाल करा. जिथं लोकांचे पैसे आणि ठसे हाताळले जातात त्या मशीनवर मी ते करू देत नाही.

वाचनालय, शाळेची लॅब, घरच्या पोरांचा अभ्यास यांच्यासाठी विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट घ्या. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, पैसे लागत नाहीत आणि जुनी मशीन हलकी होतात. पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतोय का हे बैठकीतच बघून घ्या. त्यातलं 'टाइमशिफ्ट' अपडेटच्या आधी सगळ्या व्यवस्थेची नोंद ठेवतं, बिघडलं तर त्या दिवसावर परत जाता येतं. ही सोय आधी लावायची आणि मगच ढालीच्या चिन्हावर क्लिक करून अपडेट घ्यायचं. मात्र ठशांच्या यंत्राचं सॉफ्टवेअर कंपनीनं लिनक्ससाठी दिलं असेल तरच सेवा केंद्रानं इकडं यावं, आधी विचारून घ्या.

बैठकीत क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून टाकलेलं विंडोजही येतं. मशीन घेतानाच दुकानदारानं टाकून दिलेलं असतं, मालकाला त्याचा पत्ता नसतो. त्याला सगळ्यांसमोर बोलू नका. बाजूला घेऊन सांगा की 'ॲक्टिव्हेटर' म्हणून जी फाइल फिरते, तिच्यातच बऱ्याचदा व्हायरस असतो, आणि अपडेट बंद केलेलंही त्यासाठीच असतं. आमच्या बैठकीत कुणी क्रॅक लावून देत नाही. अधिकृत विंडोज घ्या किंवा मिंट घ्या, दोन्हीला आम्ही शेवटपर्यंत मदत करतो.

मोबाइलचं पाच मिनिटांत उरकतं. सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडच्या सुरक्षा अपडेटची तारीख बघायची. ती दोन-तीन वर्षं मागची असेल तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका.

पहिल्या बैठकीला पाच-सहापेक्षा जास्त मशीन घेऊ नका आणि मोठं व्हर्जन तर एकही नको. नुसती ओळख, वही आणि बॅकअप एवढंच झालं तरी ती बैठक चांगली झाली समजा. ज्यांचं अपडेट अर्धवट राहिलं त्यांची नावं पुढच्या तारखेच्या पानावर सगळ्यात वर लिहा, आणि त्या दिवशी सुरुवात त्यांच्यापासूनच करा.